बावन्नशेच्या वर

चार हजारांपर्यंत गाडी गुणाची.
पाठीला सीट लागते, टर्बो शीळ घालतो,
अंजनीचा पूल कधी गेला कळत नाही.
आणि बावन्नशेला
कुणी मागून सदऱ्याला धरावं तशी ती थबकते.
काटा चढत राहतो. रस्ता चढत नाही.

दीपेश बडगुजर, धरणगाव, स्वतःची जिनिंग.
पुण्याहून सॉफ्टवेअर टाकून आणलं,
अठरा हजार मोजले, आणि आता
पारोळ्याच्या चढावर केळीचा ट्रक
मागून हॉर्न देतो म्हणाला.
हे सांगताना त्याने खाली पाहिलं.

मी प्लग काढले. जीभ पाहावी तसे रंग पाहिले.
फट आठची सहावर आणली.
पेट्रोलचं प्रेशर काचेला घड्याळ चिकटवून
भर वेगात पाहिलं : काटा हलला नाही.
वेस्टगेटचा दांडा ताठ. सायलेन्सर मोकळा.
मग धूर भरला, सगळ्या नळ्यांत,
सुभान तडवी बॅटरी घेऊन बोनेटमध्ये वाकला
आणि अर्ध्या तासाने म्हणाला,
उस्ताद, एक फुसकुलीसुद्धा नाही.

तीन दिवस.
उभी असताना तिच्यात काहीही खोट नव्हती.
लॅपटॉपसुद्धा हिरवाच बोलत होता.

पंडित आबा दाराशी नट धूत बसलेले.
तेवीस वर्षं जिनात काढली, आता माझ्याकडे
डबा खातात आणि मोजून श्वास घेतात.
"बसेल शे तव्हय काही नही भो," ते डब्याकडेच पाहत बोलले,
"जिना चढनू का दम सपस.
डाक्टरनी बी आधी मले चालाड, मंग मोजं.
तिले उभी ठेईसन काय दखतस?
पयती दखा."

सुभानने स्वतःचा फोन
चिकटपट्टीने बॅटरीच्या अंगाला बांधला,
टॉर्च लावून, बोनेट बंद.
दीपेशने टोलनाक्यापर्यंत ती पिळली.

परत येऊन आम्ही तिघांनी त्या चिमुकल्या काचेत पाहिलं.
आधी नुसता आवाज. मग फिल्टर आणि टर्बोच्या मधला
तो लाल सिलिकॉनचा पाइप,
दिसायला देखणा, ऑनलाइन मागवलेला,
थरथरला, पोट आत घेतलं,
आणि बावन्नशेला
पोरांनी पेप्सीची पिशवी शेवटाला चोखावी
तसे त्याचे दोन्ही गाल आत चिकटले.
पाय सोडला की पुन्हा गोल. निरागस.

आम्ही धूर आत फुंकला होता.
तिचं दुखणं ओढण्यात होतं.

मला हसू आलं, मग स्वतःचा राग.
अरे, इथे शेंबडं पोरगं सांगेल,
विहिरीवर मोटर बसवताना
डिलिव्हरीला चपटा पाइप चालतो,
सक्शनला मात्र तारेचा लागतो.
तुझ्या बापाची केळी कशावर जगली रे दीपेश?
तो म्हणाला, मोटरचं वेगळं, काका, ही गाडी आहे.

फिल्टर उघडला तर आत कापूस.
हंगामभर ती जिनाच्या फाटकात उभी,
सरकीच्या ढिगाशेजारी.
बारीक पांढरी लव कागदाच्या घडीघडीत अशी बसलेली
की श्वासाला शोधत यावं लागेल.
जितका दम कोंडला तितकी ती जोरात ओढत गेली,
आणि जितकी ओढत गेली तितका पाइप मिटत गेला.
सॉफ्टवेअर बिचारं वर बसून
अजून हवा, अजून हवा म्हणत होतं.

नवा फिल्टर, तारेचा पाइप, दोन क्लिपा.
संध्याकाळी ती पासष्टशेपर्यंत
एकाच वाक्यात गेली, स्वल्पविरामाशिवाय.
दीपेशने दोनशे रुपये वर दिले, ते सुभानला गेले.

आबा आले नाहीत पाहायला.
जुन्या फिल्टरमधला कापूस नखाने खरडून
त्यांनी मांडीवर गोळा केला होता,
आणि बोटं आपोआप वळत होती :
एक वात, दुसरी वात.
तिसरीला थांबले, दम घेतला.